खाडीवरची माणसं मोजताना

रस्त्याच्या कडेला झाडाखाली खुर्ची टाकून, मांडीवर पॅड घेऊन बसलेली माणसं तुम्ही कधीतरी पाहिली असतील. गाडी गेली की ती एक रेघ ओढतात. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. ट्रकची वेगळी, बसची वेगळी, बैलगाडीची वेगळी. याला वाहतूक गणना म्हणतात. रस्ता रुंद करायचा का, पूल बांधायचा का, हे त्या रेघांवरून ठरतं. ठरवणारे मोठ्या टेबलाशी बसलेले असतात, पण त्यांच्यासमोर असतात त्या उन्हात ओढलेल्या रेघाच.

मी रत्नागिरीच्या नियोजन कार्यालयात संशोधन सहायक होते. नाव भारदस्त आहे, काम साधं. माहिती गोळा करायची, तक्ते करायचे आणि वर पाठवायचे. माझे वडील अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत राहायचे, तिथल्या वीजघरात फिटर होते. सरकार म्हणजे डोंगर पोखरून दिवे लावणारं काहीतरी प्रचंड यंत्र, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. नोकरीत आल्यावर कळलं की ते यंत्र बरेचदा टाचणीवर अडतं. पण कधीकधी टाचणीनेच चालूही होतं. असं चालू होताना मी एकदा जवळून पाहिलंय.

अठ्ठ्याण्णव साली कोकणात रेल्वे पुरती धावायला लागली तेव्हा आम्ही सगळे लग्नघरासारखे खुशीत होतो. पण स्टेशनं बहुतेक गावांपासून लांब, माळावर. गाडी यायची, माणसं बोचकी घेऊन उतरायची आणि बस नुकतीच गेलेली असायची. रेल्वेचं वेळापत्रक एकीकडे छापलं जाई, बसचं दुसरीकडे, आणि दोघांची कधी भेट झालेली नसे. अशातच दोनेक वर्षांत मुंबईहून कळवण्यात आलं की राज्याचं नवीन वाहतूक धोरण तयार होतंय, ते 'शाश्वत' असणार आहे, आणि प्रत्येक जिल्ह्याने एक प्रयोग करून दाखवावा.

आमच्या जिल्हाधिकारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "शाश्वत म्हणजे काय, कोण सांगेल?"

तो शब्द तोवर आम्ही कीर्तनात ऐकलेला. शेवटी मीच म्हटलं, "सर, आज आपण जाऊ, उद्या आपली मुलं जातील, आणि तरी मधला डोंगर नि हवा जागच्या जागी राहील, अशी वाहतूक."

साहेब हसले. "कदमबाई, मग प्रयोग तुम्हीच शोधा."

प्रयोग मला सापडला तो एका कोऱ्या पानावर. पुलाच्या एका जुन्या मागणीसाठी मला शास्त्री नदीच्या खाडीवर गणनेला पाठवलं होतं. अलीकडचं गाव रत्नागिरी तालुक्यातलं, त्याला मी इथे आगरवाडी म्हणते. पलीकडचं गुहागर तालुक्यातलं, ते बंदरवाडी. गावांची नावं बदललीत, कारण माणसं अजून तिथेच नांदताहेत. मधे खाडी. समोरच्या अंगणात वाळत घातलेली लुगडी दिसत, पण गाडीने जायचं तर चिपळूणवरून वळसा घालून अर्धा दिवस. मी आगरवाडीच्या धक्क्यावर पॅड घेऊन बसले. दिवसभर बसले. एकही वाहन आलं नाही. येणार कसं? रस्ता तर पाण्यात संपतो! नियमाप्रमाणे मला लिहायचं होतं: वाहने, निरंक. मागणीचा निकाल लागला. वाहनं नाहीत, म्हणजे गरज नाही.

पण माणसं येत होती ना! माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका, गुहागरला कोर्टात तारखेला निघालेले, हेदवीच्या गणपतीला नवस फेडायला जाणारं एक अख्खं कुटुंब. दाऊदचाचांची होडी त्यांना पलीकडे न्यायची. पलीकडे बस असेल की नाही ते नशिबावर. कित्येक जण धक्क्यापर्यंत येऊन, पाण्याकडे बघून परत फिरत. मी पान उलटलं आणि वाहनांऐवजी माणसं मोजायला लागले. गेलेली वेगळी, परतलेली वेगळी.

परतलेल्यांमध्ये एक शिर्के गुरुजी होते. त्यांची शाळा पलीकडे हेदवीच्या बाजूला आणि बायकोची शाळा अलीकडे आगरवाडीत. लग्नाला बरीच वर्षं झालेली. आठवडाभर ते तिकडे खोली घेऊन राहायचे, रविवारी इकडे यायचे. त्या दिवशी सुटी संपवून निघाले होते, पण पलीकडची बस चुकणार हे कळल्यावर परत वळले.

मी विचारलं, "गुरुजी, रोज का नाही येत-जात? समोर तर आहे."

"बाई, होडीचं आणि बसचं जमत नाही. होडी लागते तेव्हा बस नसते, बस असते तेव्हा होडी अलीकडे. आमच्या दोन चुली एकमेकींचा धूर दिसेल इतक्या जवळ आहेत, पण त्या एक होत नाहीत."

मी तो सगळा हिशेब घेऊन साहेबांकडे गेले. साहेब, म्हटलं, नवा रस्ता नको, नवी गाडी नको. फक्त अलीकडची बस, होडी आणि पलीकडची बस एकमेकींना भेटवायच्या. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "करा!"

'करा' म्हणणं सोपं असतं. मी आधी गुहागरच्या आगारात गेले. आगारप्रमुख खानविलकर हे वेळेच्या बाबतीत कडक. त्यांच्या बसवर लोक घड्याळं लावत.

"थांबायचं?" ते खुर्चीतून उठलेच. "मॅडम, बस थांबली की पुढच्या सगळ्या फेऱ्या बोंबलल्या. होडीसाठी बस थांबवू, उद्या म्हणाल नवरदेवासाठी थांबवा."

"नवरदेव वर्षातून एकदा येतो. हे लोक रोजचे आहेत."

"आणि होडी आलीच नाही तर?"

या प्रश्नाचं उत्तर दाऊदचाचांकडे होतं. चाचा म्हणजे उंच, पांढऱ्या दाढीचे, तरुणपणी मस्कतच्या बंदरात काम करून आलेले. त्यांच्या घराण्याकडे ही होडीची फेरी पिढ्यान्‌पिढ्यांची. मी त्यांना वेळापत्रकाचं बोलले तेव्हा ते माझ्याकडे बघून हसलेच.

"बाई, तुमची बस घड्यालावर चालंल. माझी होडी पान्यावर चालते. ओहोटीला बंदरवाडीचा धक्का उघडा पडतो. गुडघाभर चिखल. तुमचे पॅसिंजर काय उडून जायाचे?"

हे आम्हा किनाऱ्यावरच्या सगळ्यांनाच ठाऊक. भरती-ओहोटी रोज थोडी पुढे सरकते, तिचा हिशेब तिथीवर बसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला सकाळ-संध्याकाळ पाणी सगळ्यात खाली जातं, आणि नेमकी तीच माणसांच्या जाण्यायेण्याची वेळ. मी चाचांना विचारलं, अशा दिवसांत तुम्ही काय करता? त्यांनी बंदरवाडीच्या धक्क्याच्या पुढे बोट दाखवलं. तिथे कातळाची एक सपाट जीभ पाण्यात शिरलेली होती. ओहोटीलाही तिच्या टोकाशी होडीपुरतं पाणी राहायचं. मात्र कातळावर उतरलेल्या माणसाला बस गाठायला धक्क्यापर्यंत दगडधोंड्यांतून यायला लागायचं.

त्या कातळावर उभी असतानाच मला सुचलं. होडी जर जागा बदलते, तर बसने का बदलू नये? कातळाच्या वरच्या अंगाला बैलगाडीची वाट होती. ती थोडी सारखी केली की बस तिथवर येईल. म्हणजे एरवी बस धक्क्यावर उभी राहील आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे कातळावर.

खानविलकर हे ऐकून कपाळाला हात लावून बसले. "म्हणजे बसचा थांबा तिथीप्रमाणे? मॅडम, वरून तपासणीला आले तर मी काय दाखवू, पंचांग?"

"दाखवा की. पंचांग काय खोटं बोलतं?"

त्यांनी मला हात जोडून वाटेला लावलं. पण पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्यांच्या नियंत्रण कक्षात घड्याळाखाली दिनदर्शिका टांगलेली होती, आणि अमावास्या-पौर्णिमांच्या भोवती लाल पेन्सिलीने गोल केलेले होते. मला बघून म्हणाले, "बायको म्हणते, आता तुम्ही उपासही धरा." बस्स! त्या क्षणी मला कळलं, हे होणार.

आणि झालं! पहिल्या दिवशी मी स्वतः आगरवाडीहून होडीत बसले. पलीकडे बस उभी. इंजिन चालू. होडीतले लोक उतरले तरी बसमध्ये चढेनात, त्यांना खरंच वाटेना. कंडक्टर ओरडला, "अहो चढा! तुमच्यासाठीच उभी आहे!" एक म्हातारी मला म्हणाली, "आमच्यासाठी? कोन मंत्री येतंय काय?" मी हसत सुटले. महिन्याभरात गर्दी इतकी वाढली की चाचांच्या होडीला इंजिन बसवावं लागलं, दुसरी मोठी बोट आणावी लागली. शिर्के गुरुजींनी हेदवीकडची खोली सोडली. रोज संध्याकाळी त्यांच्या हातात पिशवी, पिशवीत पलीकडची भाजी.

आता धोरणाकडे वळते. मुंबईहून समिती बघायला येणार असं ठरलं. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी बाई होत्या, साठीच्या, सुती साडी नि पायात साध्या चपला. त्यांनी तारीख स्वतःच ठरवली आणि ती नेमकी पौर्णिमा निघाली. साहेब म्हणाले, "सकाळी भरती असेल असा दिवस बघून घेऊ या का?" बाईंनी फोनवरच सांगितलं, "मला सोयीचा दिवस नको. रोजचा दिवस दाखवा. आणि गाडी नको, मी तिकीट काढून येईन."

इथपर्यंत ठीक होतं. पण आदल्या दिवशी बातमी आली की बंदरवाडीचे विश्रामभाऊ काळे झेंडे घेऊन उभे राहणार आहेत. विश्रामभाऊ म्हणजे पुलासाठी उभी हयात घालवलेला माणूस. मोर्चे, उपोषणं, सगळं करून झालेलं. मी त्यांना भेटायला गेले तर त्यांनी पाणीही दिलं आणि सुनावलंही.

"बाई, तुमच्याबद्दल आकस नाय. पण मला सांगा, ही होडी नीट चालली की सरकार काय म्हनंल? म्हनंल, झालं की तुमचं काम, आता पूल कशाला? तुमची होडी आमच्या पुलाच्या मुळावर आली."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सरकारी कागद कसे वाचले जातात हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रत्नागिरीहून पहिल्या बसने निघालो. अध्यक्षबाई खिडकीशी, मी शेजारी, मागे समितीचे बाकीचे आणि साहेब. आगरवाडीला बोट तयार. पाणी नुकतंच चढायला लागलेलं, बंदरवाडीचा धक्का समोर उघडाबोडका. बोट कातळाकडे वळली. आणि कातळावर काळे झेंडे! पन्नासेक माणसं असतील, पुढे विश्रामभाऊ.

"परत जा! परत जा! पूल पायजे, होडी नको!"

साहेबांचा चेहरा उतरला. चाचांनी मात्र शांतपणे बोट टेकवली. अध्यक्षबाई उठल्या, पदर खोचला आणि कातळावर पाय टाकला. तो नेमका शेवाळावर पडला. त्या कलंडल्या. आम्ही कोणी हलायच्या आत विश्रामभाऊंनी हातातला झेंडा टाकला आणि बाईंचा दंड धरला.

"सांभालून, सांभालून! हितं निसरडं हाय. डाव्या अंगानं या. हां, आता हा पाय." बाई सपाटीवर आल्या तसे ते एक पाऊल मागे सरले, झेंडा उचलला आणि त्याच दमात ओरडले, "पूल झालाच पायजे!"

बाई खळखळून हसल्या. मागची माणसंही हसली. विश्रामभाऊंनाही हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं.

"भाऊ, मला तुमचं सगळं ऐकायचंय," बाई म्हणाल्या. "पण ती बघा, बस उभी आहे. आत लोक खोळंबलेत. चला बरोबर."

"मी कशाला येऊ? मला गुहागरात काय काम नाय."

वरून कंडक्टरने हाक दिली, "भाऊ, येताय की दार लावू?"

विश्रामभाऊंनी एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा बसकडे. मग झेंडा काठीभोवती गुंडाळला आणि चढले. कंडक्टरने त्यांचंही तिकीट फाडलं.

त्या बसमध्ये जी चर्चा झाली तशी मी एकाही सभागृहात ऐकली नाही. भाऊ दांड्याला धरून उभे, बाई बसलेल्या, बस वळणावळणाने चढतेय आणि आख्खी बस कान देऊन ऐकतेय. भाऊंनी आपली भीती सांगितली. शिर्के गुरुजी मागच्या बाकावरून म्हणाले, "भाऊ, पूल मलाही हवाय. पण माझी बायको पुलाची वाट बघत म्हातारी होतेय. आज मी रोज घरी जेवतो, ते या होडीमुळे."

भाऊ हळू आवाजात म्हणाले, "तुमचं खरं गुरुजी. पण पावसाल्यात आठ-आठ दिस खाडी बंद असते, तवा कोन आजारी पडला तर काय करायचा?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पुलाच्या गणनेत इथे काय आकडा आहे?"

"निरंक," मी म्हटलं. "पूल नाही म्हणून वाहनं नाहीत, आणि वाहनं नाहीत म्हणून पूल नाही. मी माणसं मोजली आहेत. आलेली आणि परत गेलेली."

"परत गेलेलीसुद्धा?" बाईंचे डोळे चमकले. त्यांनी पर्समधून पेन काढलं. "मग सांगा, मी धोरणात काय लिहू? इथेच सांगा. तुम्ही दोघं मिळून."

हलत्या बसमध्ये, भाऊ एक शब्द सांगताहेत, मी दुसरा, मधेच गुरुजी व्याकरण दुरुस्त करताहेत, असं करत दोन वाक्यं झाली. पहिलं असं, की कोणत्याही मार्गाची गरज ठरवताना वाहनांबरोबर माणसांची मोजणी करावी, आणि ज्यांना प्रवास करता आला नाही त्यांचीही करावी. दुसरं भाऊंचं, की जलवाहतूक सुरू झाली या कारणाने पुलाची मागणी निकाली काढू नये. बाईंनी ती वाचून दाखवली तेव्हा बसमध्ये टाळ्या पडल्या. गुहागर आलं. विश्रामभाऊ सगळ्यांबरोबर उतरले, समुद्राकडे एकदा बघून मला म्हणाले, "बाई, आता परतीच्या बसला वाटखर्च कोन देनार?" चहा मात्र त्यांनीच पाजला, आम्हा सगळ्यांना.

धोरण छापून यायला पुढे काही वर्षं गेली. दोन्ही वाक्यं त्यात आहेत. पहिल्यात एक स्वल्पविराम कोणीतरी काढलाय, त्याने अर्थ बिघडत नाही. त्या पानावर माझं नाव नाही, असायचं कारणही नाही. पण ते पान उघडलं की मला बसच्या इंजिनाचा आवाज येतो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मोठ्या बोटींना परवाने, तपासण्या आल्या, ते योग्यच होतं. पण चाचांच्या चुलतभावाची लहान होडी त्यात बसली नाही. कागदपत्रं होईपर्यंत त्याला दम निघाला नाही. होडी विकून तो कतारला गेला, तिथे कोणाच्या तरी गोदामात आहे म्हणतात. माझ्या तक्त्यात प्रवासी वाढलेले दिसतात, एक होडीवाला कमी झालेला दिसत नाही. शिवाय रेल्वे स्टेशनवर गाडी बघून सुटणारी दुपारची बस आम्ही सुरू केली होती, ती नंतर बंद पडली, कारण एव्हाना प्रत्येक घरी मोटारसायकल आली होती. आणि पूल? त्याची पाहणी झाली, आखणी झाली. विश्रामभाऊ अजून झेंडा धुऊन ठेवतात.

नंतरची एक गंमत सांगते. धोरण लागू झाल्यावर एका सकाळी आमच्याच कार्यालयात मुंबईहून स्मरणपत्र आलं. धोरणातल्या अमुक कलमान्वये माणसांची गणना करून पाठवण्यात आपला जिल्हा मागे पडला आहे, सबब खुलासा करावा. आमचंच वाक्य आणि आम्हालाच ताकीद! नव्या साहेबांना मला हसायला काय झालंय ते कळेना. मी डोळे पुसत म्हटलं, "सर, उद्याच जाते."

दुसऱ्या दिवशी मी आगरवाडीच्या धक्क्यावर पुन्हा खुर्ची टाकली. आणि बघते तर काय, माणसंच माणसं! कॉलेजच्या मुली, आंब्याच्या पेट्या घेतलेले बागवाले, माहेरवाशिणी, सायकलसकट पोस्टमन. परत फिरणारा शोधून सापडेना. मी रेघा ओढतेय, हात दुखायला लागलाय, तरी माणसं संपत नाहीत. इतक्यात बोटीवरून दाऊदचाचांची हाक आली, "बाई, मोजत बसलात तर तुमीच रव्हाल! अंधार पडतोय, ही शेवटची! पलीकडं खानविलकरांची बस उभी हाय!"

पलीकडच्या धक्क्यावर मोजायला बसवलेल्या मुलाचे तक्तेही मला घ्यायचे होते. मी पॅड काखेत मारलं, चपला हातात घेतल्या आणि या वयात अशी धावले की बोटीतल्या बायकांनी ओढूनच आत घेतलं. बोट निघाली. वारा तोंडावर आला, आणि मला आठवलं.

जिल्ह्याच्या त्या अहवालात, त्या दिवसाच्या शेवटच्या फेरीला, एक माणूस कमी आहे. ती मी. धावण्याच्या नादात स्वतःची रेघ ओढायची राहून गेली.